डिफॉल्ट जागा चुकली की सेटिंग देऊन भागत नाही

प्रोग्रामने आपल्या फाइल्स कुठे ठेवायच्या यावर वाद झाला की ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये हमखास एक उत्तर येतं: "सेटिंग देऊन टाका, ज्याला हवं तो बदलेल." मला हे अजिबात पटत नाही. बहुतेक लोक ते सेटिंग कधी उघडतच नाहीत. शिवाय कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, कुठे आहे हे त्याच फाइलमध्ये लिहून ठेवता येत नाही. ती सापडल्याशिवाय वाचणार कशी? निदान ती एक जागा तरी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावी लागते.

लिनक्सवर ती २००३ पासून ठरलेली आहे. लिनक्स डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपचं एक्सडीजी बेस डिरेक्टरी स्पेसिफिकेशन सांगतं: सेटिंग्ज होममधल्या, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, डॉट-कॉन्फिगमध्ये (नावाआधी टिंब), डेटा डॉट-लोकलमधल्या शेअरमध्ये, कॅशे, म्हणजे पुन्हा बनवता येणाऱ्या तात्पुरत्या फाइल्स, डॉट-कॅशेमध्ये. हिस्टरी, लॉग वगैरेंसाठी डॉट-लोकलमधलं स्टेट हे फोल्डर २०२१ मध्ये आलं. हे वेगळेपण नुसतं टापटिपीसाठी नाही. सेटिंग्ज गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) ठेवायच्या असतात, डेटाचा बॅकअप घ्यायचा असतो, कॅशे कधीही उडवता आला पाहिजे. सगळं एकाच डॉट-फोल्डरात कोंबलं की चार केबीच्या सेटिंगसाठी बॅकअपमध्ये कॅशेचे जीबी वाहावे लागतात, आणि डिस्क भरली म्हणून कुणी ते फोल्डर उडवलं तर सेटिंग्जही जातात.

जागा बदलायची सोय हवीच, त्यासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून दिलेली मूल्यं, आहेत. पण ते बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) एक्स्पोर्ट केले तर टर्मिनलमधून उघडलेल्या प्रोग्रामलाच कळतात. मेनूतून उघडलेल्याला किंवा ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला नाही. मग एकाच प्रोग्रामच्या दोन कॉन्फिग तयार होतात आणि "सेटिंग सेव्हच होत नाही" अशी तक्रार येते. दुसरी चूक याहून वाईट: पाथ अवतरणचिन्हांत लिहून सुरुवातीला टिल्ड (~, म्हणजे होम) दिलं की शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, ते उलगडून होमचा पाथ बनवत नाही. पूर्ण पाथ नसेल तर तो दुर्लक्षित करावा, असं स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट आहे. जो प्रोग्राम हे तपासत नाही, तो चालू फोल्डरात खरोखर टिल्ड नावाचं फोल्डर बनवतो. ते काढताना नावाआधी डॉट-स्लॅश (./) लावा. फोल्डर पुसायच्या आरएम -आर या आज्ञेपुढे नुसतं टिल्ड लिहिलंत तर होम डिरेक्टरीच पुसली जाईल.

जुनी जागा सोडताना गिटसारखं वागावं. होममधली डॉट-गिटकॉन्फिग (जुनी) आणि डॉट-कॉन्फिगमधली गिटची फाइल (नवी), दोन्ही असतील तर गिट दोन्ही वाचतं; टक्कर झाली तर डॉट-गिटकॉन्फिगचं चालतं. ग्लोबल सेटिंग नव्या जागी लिहिलं जातं ते जुनी फाइल नसेल आणि नवी असेल तरच. म्हणून फाइल कॉपी करू नका, हलवा. जुनी रिकामी जरी राहिली तरी पुढचं सगळं तिच्यातच जाऊन पडतं.

आणि कुठली फाइल वाचली हे प्रोग्रामने सांगितलंच पाहिजे. गिट कॉन्फिगला लिस्ट आणि शो-ओरिजिन हे पर्याय दिले की प्रत्येक सेटिंगपुढे ते कुठून आलं तो पाथ दिसतो. ज्या प्रोग्राममध्ये अशी सोय नाही, तिथे एसट्रेस हे टूल लावून ओपनअ‍ॅट कॉल, म्हणजे फाइल उघडायच्या विनंत्या, एकेक करून बघाव्या लागतात.