यंत्र उलटे करून पाहू नये

जर्मनीत घरामागे 300 चौरस मीटर हिरवळ आणि ती कापायला रोबोट बाळगणाऱ्या सुखी गृहस्थाला एखाद्या शनिवारी सकाळी मोबाइलवर ‘पात्याच्या मोटरवर अतिभार’ असा संदेश येतो. अशा वेळी यंत्र उलटे करून पाहण्याचा मोह आपण कटाक्षाने टाळावा; कारण खाली पाहिले तर दोष दहा मिनिटांत सापडण्याची भीती असते आणि मग उरलेला दिवस बायकोने सांगितलेल्या कामांत जातो.

आधी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आणि हे निदान सहा वेळा करावे. मग सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. पात्यांच्या चकतीवर थापून बसलेला ओल्या गवताचा थर नव्या आवृत्तीने आपोआप विरघळतो, अशी श्रद्धा ठेवावी. अडलेली चकती फिरवायला मोटर जास्त वीज ओढते आणि मर्यादा ओलांडली की नियंत्रक तिला थांबवतो, म्हणजे यंत्र शहाण्यासारखेच वागत असते. पण तसे कबूल केले की संशय मालकाकडे वळतो.

तीन आठवडे पुण्याला जाऊन आल्यावर गवत घोट्याच्या वर गेलेले असेल, तर कापण्याची उंची सर्वांत कमी ठेवावी आणि पाऊस थांबण्याची वाट पाहू नये. चकतीवरची तीन पाती दाढीच्या पात्याएवढी असून ती मुद्दाम सैल बसवलेली असतात, म्हणजे दगड लागला की आत वळतात. आपण मात्र ती गच्च आवळावीत. बदलायचीच झाली तर एकच बदलावे आणि झिजलेले स्क्रू परत वापरावेत. त्याने चकतीचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि बेअरिंग कुरकुरू लागते. तरीही बेअरिंग तग धरून राहिले, तर जोरदार दाबाच्या फवाऱ्याने यंत्र खालून धुवावे. पाणी आत गेले की मोटर खरोखरच बिघडते आणि ‘मी म्हटलंच होतं’ असे म्हणायची सोय होते.

एवढे होईतो रात्रीचे आठ वाजतात. निवासी भागात रात्री आठ ते सकाळी सात आणि रविवारी दिवसभर हिरवळ कापायला मनाई असल्याने चाचणी अर्थातच रविवारी सकाळी घ्यावी. शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात.

शेवटी नवी मोटर मागवावी. ती बसवायला यंत्र उलटे करावेच लागते. मी केले, तेव्हा कोथिंबीरवडीसारखा घट्ट हिरवा थर निघाला आणि त्याखाली, आसाभोवती सात वेढे घेतलेली, मीच टोमॅटोच्या रोपांना बांधलेली निळी दोरी. ती सोडवण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि जाड हातमोजे घालावेत, ही एवढी सूचना मी मनापासून करतो आहे. ऑनलाइन घेतलेली मोटर 14 दिवसांत परत करता येते. फक्त तिचे खोके तोवर आपण फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकलेले असावे.