लायसन्स कुठलं घेऊ, ताई?

सायप्रसमधल्या लिमासोलला रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात नागपूरला साडेअकरा. त्या वेळी मामेभावाचा फोन आला की समजायचं, डोक्यात नवा किडा वळवळतोय. धरमपेठेत तो एका मोठ्या ब्रोकरचा एपी, म्हणजे ऑथोराइज्ड पर्सन, त्याच्या नावावर ग्राहक सांभाळणारा एजंट आहे. आता त्याला स्वतःची पेढी काढायची आहे. "ताई, सेबीच्या कागदांनी जीव जातो बाप्पा. तू त्याच धंद्यात आहेस, सांग, कुठल्या देशाचं लायसन्स घेऊ?"

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. सोनेरी शिक्का, वेलबुट्टीची चौकट, सेंट व्हिन्सेंट बेटाचं नाव. आठवड्यात 'इंटरनॅशनल ब्रोकर' करून देतो म्हणणाऱ्या कुण्या एजंटाचा तो नमुना. मी मोठा करून वाचला, तर नुसता कंपनी नोंदणीचा दाखला. फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाच्या सौद्यांच्या ब्रोकिंगचं लायसन्स आम्ही देतच नाही, असं तिथला नियामक स्वतःच सांगतो. गुमास्ता लायसन्स भिंतीवर टांगून कुणी बँक उघडावी, तसला प्रकार.

सेबी छळते, बाहेर मोकळीक आहे, हे मी नागपूरच्या प्रत्येक सुट्टीत ऐकते. बाहेर म्हणजे मी राहते तिथे, सायप्रसमध्ये, ग्राहकाच्या सौद्यात समोरची बाजू स्वतः घेणाऱ्या ब्रोकरला साडेसात लाख युरो भांडवल लागतं. ग्राहकाचे पैसे सांभाळून ऑर्डर नुसती पुढे पाठवायची तरी दीड लाख. कारभार पाहणारे किमान दोघे हवेत, आणि ते त्या लायकीचे आहेत हे नियामकाला पटवावं लागतं. २०१८ पासून किरकोळ ग्राहकाला मुख्य चलनजोड्यांवर तीसपटीपेक्षा जास्त लीव्हरेज, म्हणजे भरलेल्या रकमेच्या कितीपट सौदा करता येतो ते, देता येत नाही, आणि स्वतःच्या शंभर ग्राहकांतले किती जण पैसे घालवतात तो आकडा वेबसाइटवर छापावा लागतो. बदल्यात हे एक लायसन्स अख्ख्या युरोपीय संघात चालतं. अकरा वर्षं मी हेच कागद तपासतेय. मोकळीक दिसली, पण मागच्या दाराला.

ते दार असं. खातं उघडण्याच्या फॉर्मवर देश निवडायचा. जर्मनी निवडलं की लीव्हरेज तीसपट. भारत निवडलं की पाचशेपट. रंग तोच, बोधचिन्ह तेच. तळाशी बारीक अक्षरातलं कंपनीचं नाव तेवढं बदलतं आणि सायप्रसच्या जागी सेशेल्स येतं. माझा पगार अशाच एका समूहातून येतो, ते कशाला लपवू?

एकदा तक्रारींच्या ढिगात पत्ता दिसला: मानेवाडा, नागपूर. पैसे काढता येत नाहीत, मुलीच्या फीचे आहेत, असं त्या गृहस्थांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत लिहिलं होतं. युरोपातल्या ग्राहकाची कंपनी बुडाली तर भरपाई निधीतून वीस हजार युरोंपर्यंत मिळू शकतात. यांना तो निधी लागू नाही. भारतात तक्रार करायची, तर अनधिकृत प्लॅटफॉर्मवर फॉरेक्स केलं म्हणून फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, स्वतःच अडकायची भीती. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये अशा प्लॅटफॉर्मची सावधान यादी काढली, पण जाहिरात बघताना यादी कोण उघडतं? मी ठरावीक मजकूर पाठवला: आपला करार आमच्या सेशेल्सच्या कंपनीशी आहे, दाद तिथल्या नियामकाकडे मागावी. मराठीत दोन ओळी लिहायचं मनात आलं होतं. लिहिल्या नाहीत.

भावाचा वैताग खोटा नाही. चार माणसांच्या पेढीलाही रिपोर्टिंग काही सुटत नाही. पण सेबीचं एक मला इथं बसून जास्त दिसतं. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरनं ग्राहकांचे शेअर परस्पर तारण टाकल्याचं उघड झालं. सेबीची नोंदणी असूनच. त्यानंतर तारणाची व्यवस्था अशी बदलली की शेअर ग्राहकाच्याच डिमॅटमध्ये राहतात, आणि २०२३ पासून ग्राहकांची रोख रक्कमही ब्रोकरला क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सौदे पुरे करणाऱ्या संस्थेकडे, द्यावी लागते. आमच्याकडे सीएफडीच्या, म्हणजे मालकी न घेता नुसत्या भावातल्या फरकावरच्या सौद्यांच्या, ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात असतात खरे, पण ते खातं ब्रोकरच चालवतो. हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की ते हसतात. भारताकडून काही शिकायचं असतं, ही कल्पनाच त्यांना नवी.

भावाला मी एवढंच विचारलं, "तुझे ग्राहक कुठं बसलेत?"

"इथंच. इतवारीतले व्यापारी, थोडे वर्ध्याचे."

"मग निवडायला उरलंच काय? त्यांचा पैसा घ्यायचा तर सेबीच."

"अन् दुबईवाले आपले लोक धरले तर?"

तर गुजरातमधली गिफ्ट सिटी बघ, म्हटलं. तिथला नियामक वेगळा आहे, आयएफएससीए, २०२० पासूनचा. ती सोय मुख्यतः परदेशातल्या ग्राहकांसाठी आहे, आणि लफडं झालंच तर अहमदाबादची गाडी पकडून जाता येतं. तो बराच वेळ गप्प होता. मागे पंख्याचा आवाज येत होता.

सकाळी मेसेज: "गिफ्ट सिटीत काढली तर डायरेक्टर होशील का, ताई? कागद तूच बघशील."

निळ्या टिका त्याला दिसल्या असणार. उत्तर अजून दिलेलं नाही.