तर्री झाली, आता रोडगे खायला या

नागपुरातल्या जोडप्याच्या तर्रीपोह्यापासून सावजी मटणापर्यंतच्या भटकंतीचा लेख वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्या खेड्यात जोडीनं बाहेर खाणं म्हणजे बाजाराच्या दिवशी गाडी काढून तालुक्याला जायचं. ठरलेला आलूबोंडा, कुस्करून वर चण्याचा झणझणीत रस्सा अन् कच्चा कांदा. यांना रस्सा दोनदा लागतो, मला तळलेली मिरची. प्लेट एक, चमचे दोन. हॉटेलवाला आता विचारतही नाही. वर्ध्याला गेलो तर गाईच्या तुपातली गोरसपाक बिस्किटं, शेगावला दर्शन झालं की कचोरी. रोडगे मात्र लेखात दिसले नाहीत! जाड्या कणकेचे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत. ते हॉटेलात नाही, वावरातल्या पंगतीत मिळतात. हिवाळ्यात या, वांग्याला तेव्हाच खरी चव.