सहा फुटांचं गणित आणि दहा बाय बाराची खोली

कोरोनाच्या साथीच्या संदर्भात धारावीचं नाव निघालं की दोनच सूर ऐकू येतात. "तिथं अंतर पाळणं शक्यच नव्हतं" हा एक, आणि "धारावी मॉडेलनं साथ आटोक्यात आणून दाखवली" हा दुसरा. पहिला खरा आहे. दुसऱ्यात त्यासाठी नक्की काय केलं ते कुणी सांगत नाही.

आधी हिशेब. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. माणसामाणसात सहा फूट हवेत तर प्रत्येकाभोवती तीन फुटांचं वर्तुळ, साधारण २८ चौरस फूट. घरात सहा जण असतील तर झाले १६८. यात ओटा, कपाट, पाण्याचं पिंप धरलेलंच नाही. बाहेर गल्ली तीन-चार फुटांची. समोरून कुणी आलं की एकाने कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं, तेव्हा दुसरा पुढे जाणार.

तरी खोलीतला संसर्ग निदान घरापुरता. संडासात तो अख्ख्या गल्लीचा होतो. धारावीतले साधारण ८० टक्के लोक सार्वजनिक संडास वापरतात, हा पालिकेचाच त्या वेळचा आकडा. दहा सीटचा एक ब्लॉक घ्या, पहाटे ५ ते ९ ची वेळ. माणशी चार मिनिटं धरली तर चार तासांत ६०० जण उरकतात. आतली हवा बदलावी म्हणून प्रत्येकानंतर पाच मिनिटं सोडली, तर जेमतेम २६०. बाकीचे ३४० डबा घेऊन रांगेत. आणि सहा-सहा फुटांवर उभ्या तीस जणांची रांग पावणेदोनशे फूट होते. तेवढ्यात गल्ली दोनदा वळलेली असते.

म्हणून 'एक सोडून एक सीट बंद' हा तोडगा उलटा पडतो. ऑफिसातल्या बेसिनला तो ठीक. इथं सीट बंद केली की रांग दुप्पट, आणि माणसं जास्त वेळ एकमेकांच्या तोंडाशी. गल्लीवार वेळा लावणंही कागदावरच राहतं, पोटाला वेळापत्रक कळत नाही. वेळ बांधता येते ती कपडे धुण्याची आणि पाणी भरण्याची. तेवढी गर्दी संडासाच्या दारातून हलवली तरी पुष्कळ.

जंतुनाशक फवारणीबद्दलही थोडं. ३० टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर एक टक्क्याच्या द्रावणाला दहा लिटरच्या बादलीत ३३० ग्रॅम लागते. आधी पाण्याने धुवायचं, मग द्रावण, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. घाणीवर थेट मारलं तर क्लोरीन घाणीतच संपतो. कालचं उरलेलं, उन्हात राहिलेलं द्रावण म्हणजे वास येणारं पाणी. आणि त्यावर संडास धुवायचं ॲसिड कधीही ओतू नका, विषारी वायू सुटतो. ही चूक घाईत हमखास होते. शिवाय रोग मुख्यतः हवेतून पसरत होता. लाद्या चकाचक आणि हवेसाठीची वरची जाळी पुठ्ठ्याने बंद, अशा ब्लॉकमध्ये फवारणीचा उपयोग किती?

पाण्याचं तेच. मुंबईत झोपडपट्टीला माणशी दिवसाला ४५ लिटरचा निकष, इमारतींना १३५. पाच जणांच्या घराला २२५ लिटर. प्रत्येकाने दहा वेळा, लिटरभर पाण्यात हात धुतले तर ५० लिटर तिथंच गेले. नळ दोन-तीन तास येतो, सगळे एकदम भरायला येतात. गर्दी फोडायला पाण्याची वेळ वाढवा म्हणावं, तर दाब कमी झाला की मोटारवाले ओढून घेतात आणि गल्लीच्या टोकाला थेंब पोचत नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारल्याशिवाय यावर कुणी योजना आखू नये, हे माझं ठाम मत.

मग धारावीत केलं काय? १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. नंतर खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन दारोदार तपासणी झाली, आणि संशयितांना खोलीत न ठेवता शाळा, हॉल, क्रीडासंकुलात हलवलं. शेजारच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात २०० खाटांचं केंद्र उभं राहिलं. म्हणजे अंतर गल्लीत सापडलं नाही, ते वस्तीबाहेर तयार केलं. शिवाय हजारो कामगार गावी गेले होते, कारखाने बंद होते. हे श्रेयात कुणी धरत नाही.

आणि विषाणू थांबला होता असंही नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली (धारावी त्यात नव्हती). झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. एकाच वॉर्डात राहणाऱ्यांची ही गत.

पुढच्या साथीची तयारी म्हणून मास्कचे गठ्ठे भरण्याआधी वॉर्ड ऑफिसनं प्रत्येक ब्लॉकची यादी करावी. चालू सीट किती, टाकी किती लिटरची, जाळ्या उघड्या आहेत का, रात्री कुलूप लागतं का. पत्रे ठोकून गल्ली बंद करायची वेळ आली तर संडास पत्र्याच्या कुठल्या बाजूला राहतो, हेही त्यात हवं. दिवा असेल, कडी आतून लागत असेल आणि दार रात्रभर उघडं असेल, तर बायका रात्री दहानंतरही जाऊ शकतात, आणि तेवढीच पहाटेची रांग तुटते. एक बल्ब आणि एक कडी, किंमत दोन-तीनशे रुपये.