नुसते जॉइंट भरून द्यावेत का? फरशीवाल्यांनी द्यावेत

कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांत बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट काळे पडले, कुठे रिकामे झाले, की फरशीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "तोडून नवीन करा, नुसते जॉइंट आम्ही भरत नाही." मालकाचं म्हणणं, टाइल धडधाकट असताना तोडायची कशाला? फरशीवाल्याचं म्हणणं, दोन दिवस खरवडत बसायचं, टवका उडाला तर भरपाई द्यायची, आणि उद्या खालच्या घराचं छत ओलं झालं की बोल पुन्हा आम्हालाच. इथे ब्रिटनमध्येही बरेच टाइलवाले याच कारणांनी हे काम टाळतात. पण फक्त हेच काम करणारे कारागीरही इथे आहेत. पुण्यात ते व्हायला हवेत असं मला ठामपणे वाटतं, कारण चांगली टाइल फोडून राडारोडा करण्यात कुणाचंच भलं नाही.

पहिली चूक भावात होते. हे काम चौरस फुटावर घेतलं की कारागीर बुडतो. २०० चौरस फूट भिंतीवर दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतील तर जॉइंट साधारण २०० रनिंग फूट (म्हणजे सरळ लांबीचे फूट) भरतात. त्याच भिंतीवर जुन्या आठ बाय बारा इंची टाइल्स असतील तर ५०० फूट. चार इंची असतील तर १,२०० फूट! माल मात्र किरकोळ लागतो. दोन मिलिमीटर रुंद, चार मिलिमीटर खोल जॉइंट धरला तर ५०० फुटांना सुमारे दोन किलो ग्राउटची (जॉइंट भरायच्या सिमेंटी मालाची) पावडर पुरते. सांडलवंड धरून तीन किलो आणावी. म्हणजे पैसे मजुरीचे आहेत, आणि ती रनिंग फुटावरच ठरायला हवी.

दुसरं, काम घेण्याआधी नाही म्हणता आलं पाहिजे. प्रत्येक टाइल नाण्याने वाजवावी. पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्स बऱ्याच असतील तर जॉइंट भरून उपयोग नाही. टाइल हलते आणि नवा माल महिन्याभरात तडकतो. पुण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या कामात टाइल्स स्पेसर (फट राखणारे प्लॅस्टिकचे तुकडे) न लावता एकमेकींना खेटून बसवलेल्या असतात. मशिनचं पातंच दीड-दोन मिलिमीटर जाड, ते अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत घातलं की टाइलचा चकचकीत थर, ग्लेझ, उडणारच. अशा ठिकाणी काम घेऊ नये. वरून व्हाइट सिमेंट फासून देणं तर त्याहून वाईट, कारण जुन्या मालावरचा पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो.

जिथे फट आहे तिथे जुना माल टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत काढायचा. सरळ जागी ऑसिलेटिंग मशिन (पातं डावी-उजवीकडे थरथरवणारं), नळाजवळ आणि कडेला हाताची खरवडणी. मास्क लावायचा, धूळ व्हॅक्यूमने ओढायची, कारण ती धूळ फुप्फुसाला घातक आहे. मोजलेल्या पाण्यात पावडर घालून कालवायची, पाच मिनिटं ठेवून पुन्हा कालवायची, नंतर पाण्याचा थेंबही वाढवायचा नाही. पाणी जास्त झालं की जॉइंट भुसभुशीत होतो, रंगही डागाळतो. रबरी फ्लोटने (सपाट थापीने) जॉइंटला तिरकं दाबत भरायचं, माल जरा आवळला की घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसायचं.

भिंत-भिंत आणि भिंत-फरशी यांच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन हवं. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, म्हणून तिथे सिमेंट टिकत नाही. जर्मनीत अशा सिलिकॉनच्या सांध्याला देखभालीचा सांधा म्हणतात: तो अधूनमधून बदलायचाच, हे गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे ही सवय लागली तर अर्ध्या तक्रारी उरणार नाहीत.

सिमेंटऐवजी इपॉक्सीचा (दोन घटक ठरल्या प्रमाणात मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या मालाचा) आग्रह घरमालक धरतात, आणि बोअर-टँकरचं जड पाणी व ॲसिडने बाथरूम धुण्याची सवय पाहता तो रास्त आहे. ॲसिड सिमेंटचा जॉइंट खातं. पण एप्रिल-मे महिन्यांत इपॉक्सी लवकर आवळतं, म्हणून लहान पॅक घ्यावा, मोठा पॅक अंदाजाने अर्धा करू नये. त्याचा थर टाइलवर रात्रभर राहिला तर सकाळी पाण्याने निघत नाही. पावसाळ्यात जॉइंट पुरते वाळत नाहीत. दिवाळी ते होळी हा काळ बरा.

गळतीबाबत ब्रिटनचा दाखला जसाच्या तसा लागू होत नाही. इथल्या अनेक घरांत टाइलमागे जिप्समचा बोर्ड असतो. जॉइंट गेला की बोर्ड भिजून मऊ पडतो आणि टाइल सुटते. पुण्यात विटांची भिंत तग धरते, पण फरशीखालच्या ब्रिकबॅट कोब्यात (विटांच्या तुकड्यांच्या भरावात) पाणी मुरतं आणि खालच्या छतावर उतरतं. सिमेंटचा जॉइंट सच्छिद्र असतो, तो वॉटरप्रूफिंगची जागा घेत नाही. म्हणून आधी नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून २४ तास पाणी साठवून पाहावं. खाली ओल आली, तर पावतीवर स्पष्ट लिहावं: "जॉइंट भरले आहेत, गळतीची हमी नाही." आणि त्याखाली मालकाची सही घ्यावी.