परदेशातून 'ऐंशीच्या अ‍ॅव्हरेजची' डिझेल गाडी आणण्याबाबत खुलासा

आर्वी, पुलगाव, धामणगाव या भागातील गावांत सध्या एक संदेश फिरत आहे. परदेशातील जुनी छोटी डिझेल गाडी लाखभरात घरपोच मिळेल आणि ती लिटरला ८० किलोमीटर धावेल, असे त्यात म्हटले आहे. हा दावा चुकीचा आहे.

८० हा आकडा मैलांचा आहे, तोही ब्रिटिश गॅलनला. हा गॅलन सुमारे साडेचार लिटरचा असल्याने हिशेब लिटरला साधारण २८ किलोमीटरवर येतो. फोक्सवॅगनने १९९९ मध्ये १०० किलोमीटरला ३ लिटर लागणारी लुपो ही छोटी डिझेल गाडी खरोखरच बाजारात आणली होती, पण तेही लिटरला ३३ किलोमीटरच होतात.

शिवाय अशी गाडी आज आणता येत नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असा आपल्याकडील नियम आहे. त्यावरील आयात शुल्कच गाडीच्या किमतीहून जास्त होते आणि वर जीएसटी वेगळा लागतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्यावर मारुतीनेही डिझेल गाड्या बंद केल्या, कारण छोट्या इंजिनात धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवणे परवडत नव्हते. कापसाचे चुकारे हाती येण्याच्या दिवसांत असे संदेश पसरणे अधिकच चिंतेचे आहे. कृपया बुकिंगच्या नावाने कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये.