एक ठेवून द्यायचीस की!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बायको नवऱ्याला चपलेने बडवतेय, तो हातांनी तोंड झाकतोय. खाली हसऱ्या इमोजींची रांग. 'वाघीण!' 'भाऊ गेला कामातून!' याच ग्रुपवर बाईला मारल्याची बातमी आली की सगळे 'फाशी द्या' लिहितात. संताप यायलाच हवा. मग आज तो कुठे गेला?

माझा एक मित्र आहे. जुन्या ऑफिसातला, सहा फुटी, रोज जिमला जाणारा. एका रात्री आमच्या पार्ल्याच्या घरी आला तो ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं. मारणारा त्याचा जोडीदार, त्याच्याहून वीतभर बुटका. दोघं कांदिवलीत एकत्र राहायचे. मी त्याला चौकीत घेऊन गेले. ड्युटीवरच्या साहेबांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "एवढा गडी तू, एक ठेवून द्यायचीस की!" मग दारूचं विचारलं. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून बोळवण केली.

हो, घरात मार खाणाऱ्यांत बायकाच जास्त, कितीतरी जास्त. मान्य. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यांच्यासाठी आला ते योग्यच झालं, जरी कोर्टात खेटे घालून जीव जातो तरी. 2016मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातली 'प्रौढ पुरुष' ही अट काढली, त्यामुळे आता मारणारी बाई असली तरी तिच्याविरुद्ध जाता येतं. 2023मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ट्रान्स स्त्रीलाही त्याच कायद्याखाली दाद मागता येते असं सांगितलं. पण मार खाणारा पुरुष असेल तर? त्याला संरक्षण आदेश नाही, राहत्या घरावर हक्क नाही. भाडेकरार जोडीदाराच्या नावावर होता, त्यामुळे रात्री अडीचला हा बॅगेसकट जिन्यात.

2018ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेलं म्हणून आपण पेढे वाटले. खरं तर तेव्हा फक्त संमतीचे संबंध त्यातून सुटले, जबरदस्तीसाठी कलम होतंच. जुलै 2024पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ते कलमच नाही. प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली तर बलात्काराचा गुन्हा लागत नाही. यावर कुणी मेणबत्ती लावलेली मला तरी दिसली नाही.

तो आधीच का निघाला नाही, असं मला माझ्याच बहिणीने विचारलं. बाई गं, जोडीदार दर भांडणात एकच म्हणायचा, "चिपळूणला तुझ्या आईला फोन लावू?" मुठीला हा घाबरत नव्हता, त्या फोनला घाबरत होता. चौकीतही त्याने 'मित्राने मारलं' एवढंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तिथल्या बाकावरचे सगळे हसले असते. मी शेजारी बसले होते, त्याचा हात थरथरत होता. इतका मोठा हात.

आणि पुरुषहक्कवाल्या भाऊरायांनो, ही पोस्ट उचलून '498अ (बायकोच्या छळाचं कलम) खोट्या केसेस' सुरू करू नका. 'जोडीदार' वाचल्यावर सगळ्यात आधी तुम्हीच दात काढलेत.